कंसातला आकडा

शनिवार, रात्री पाऊण वाजता

आत्ता कुठे एकदाचं कनेक्ट झालं. दुपारी चारला बसले होते, म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे, आतल्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू लिनक्स आणि मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर टाकून ठेवलाय, त्यातला माझ्या पुस्तकांच्या यादीचा डेटाबेस बाहेर बसून लॅपटॉपवरून उघडायचा, झालं. दोन्ही मशीन एकाच राउटरवर, मधे इंटरनेटचा संबंधसुद्धा नाही. तरी मध्यरात्र उलटली.

पहिला एरर आला २००३, सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही, आणि शेवटी कंसात १११. मी कंसापर्यंत वाचलंच नाही. पिंग मारला, म्हणजे मशीन जागं आहे का अशी हाक दिली, तर व्यवस्थित चालतोय, डेस्कटॉपवर जाऊन तिथूनच लॉगिन केलं तर तेही झटक्यात झालं, म्हणजे सर्व्हर चालू, नेटवर्क चालू, मग उरला कोण तर बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारी फायरवॉल, असं मी ठरवूनच टाकलं. दोन्ही पुरावे फुसके. पिंगला पोर्टशी, म्हणजे मशीनवरच्या एकेका प्रोग्रामच्या नंबर दिलेल्या दाराशी, काही देणंघेणं नसतं, आणि लिनक्सवर होस्ट म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, दिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्राम, नेटवर्कवरून जातच नाही, सॉकेट फाइलमधून आतल्या आत बोलतो. म्हणजे पुढच्या दाराची कडी निघतेय का ते बघायला मी मागच्या दाराने आत शिरले आणि म्हटलं, उघडतंय की!

बरं, फायरवॉल बंदच होती. उबंटूवर यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल असते पण आपण चालू केल्याशिवाय चालू नसते. पण डोक्यात एकदा बसलं की बसलं, म्हणून मी ती मुद्दाम चालू केली आणि पोर्ट उघडायचा रूल टाकला. आणि इथे जे केलं ते लिहायलाही लाज वाटतेय, मायएसक्यूएलच्या ३३०६ च्या जागी ३३६० टाइप केलं. आधी दार वाजवलं तर उघडायला कोणी नव्हतं, आता वरून कुलूपही लावून ठेवलं. नशीब की डेस्कटॉपसमोर बसून हे केलं, एसएसएचवरून, म्हणजे लांबून लॉगिन करून, केलं असतं तर परत आत शिरायचीच पंचाईत.

एरर परत २००३. तोच मजकूर, म्हणून मला वाटलं काहीच बदललं नाही. बदललं होतं, कंसात १११ जाऊन ११० आलं होतं. १११ म्हणजे त्या पोर्टवर कोणी बसलेलंच नाही, समोरचं मशीन लगेच नाही म्हणतं. ११० म्हणजे उत्तरच आलं नाही, पॅकेट वाटेत कुणीतरी गिळलं. आधी एंटर मारल्या मारल्या एरर येत होता आणि आता कर्सर नुसता लुकलुकत बसायचा, मी मोबाइल चाळून परत बघेपर्यंत. एवढा ढळढळीत फरक आणि माझ्या टाळक्यात शिरला नाही. पिंग मात्र अजूनही खुशाल चालू, कारण यूएफडब्ल्यू पिंगला अडवत नाही.

नऊच्या सुमाराला शेवटी डेस्कटॉपवर एसएस कमांड चालवून कोण कुठे ऐकतंय ते बघितलं. १२७.०.०.१, पोर्ट ३३०६. म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलायला बसलेला. शेजारी ३३०६० पण दिसला, त्याने दोन मिनिटं घाबरवलं, पण तो मायएसक्यूएलचाच दुसरा, एक्स प्रोटोकॉलचा पोर्ट. मग मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरने कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते ठरवणारा बाइंड अ‍ॅड्रेस बदलला, रीस्टार्ट केलं, परत तेच १२७. ती फाइल शेवटी दुसऱ्या फोल्डरातल्या फाइली ओढून घेते आणि तिथे तीच सेटिंग आधीपासून लिहिलेली असते, आणि जी शेवटी वाचली जाते ती जिंकते. तिथे ०.०.०.०, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक, असं केलं तेव्हा कुठे सर्व्हर बाहेरचं ऐकायला लागला. मग रूल तपासला आणि ३३६० दिसलं. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि ३३०६ चा रूल टाकला, तोही फक्त १९२.१६८.१ वाल्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, पत्त्यांसाठी.

पुढचा एरर ११३०, तुमच्या होस्टला परवानगी नाही. आणि मी चक्क खूश झाले! २००० च्या घरातले एरर आपल्याच क्लायंटचे असतात, हजाराच्या घरातले सर्व्हर पाठवतो, म्हणजे तिकडून कोणीतरी पहिल्यांदा बोललं माझ्याशी. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि होस्ट मिळून युजर, आणि माझा 'वाचक' नावाचा युजर फक्त लोकलहोस्टचा होता. १९२.१६८.१.% साठी, म्हणजे घरातल्या कुठल्याही पत्त्यासाठी, नवा 'वाचक' केला, तर १०४४, आत आलात पण या डेटाबेसचा हक्क नाही. ग्रँट द्यायची राहिली होती. ती दिली, आणि ४१२ पुस्तकं समोर.

रविवार, दुपार

सकाळी परत नाही! पण आज आधी कंसच बघितला, ११३. हा नवीनच, म्हणजे त्या पत्त्यापर्यंत जायची वाटच नाही. उठून डेस्कटॉपचा पत्ता बघितला तर शेवटचा आकडा काल १२ होता, आज १७. रात्री सगळं बंद केलं होतं, सकाळी राउटरने दुसराच आयपी दिला. राउटरमध्ये डेस्कटॉपच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डच्या ठरलेल्या नंबरला, १२ कायमचा बांधून टाकला, दहा मिनिटांत विषय संपला.

काल बाइंड अ‍ॅड्रेसमध्ये थेट १९२.१६८.१.१२ लिहायचं मनात होतं, कंटाळा केला म्हणून ०.०.०.० राहिलं. लिहिलं असतं तर आज तो पत्ताच मशीनवर नसल्यामुळे मायएसक्यूएल सुरूच झाला नसता, आणि मी परत फायरवॉलच्या मागे लागले असते.

जाता जाता यूएफडब्ल्यूचं स्टेटस बघितलं. ३३६० चा रूल अजून तिथेच, ऐटीत उघडा. काढून टाकला.