दहा नाणी, एक युरो

बर्लिनमध्ये रविवार मोकळा मिळाला, म्हणून भाचीनं माउअरपार्कच्या जुन्या बाजारात नेलं. एकेकाळी इथूनच बर्लिनची भिंत जायची. आता जुन्या जाकिटांचे ढीग, कपबश्या, कुठेतरी गिटार. भाची जाकिटांकडे वळली आणि मी एका आजोबांच्या टेबलापाशी अडकलो. बुटाचं खोकं, त्यात काठोकाठ चिल्लर, वर पुठ्ठ्याचा तुकडा: दहा नाणी, एक युरो.

व्यवहार तसा आतबट्ट्याचा. जर्मनीची केंद्रीय बँक युरोआधीचे जुने मार्क-फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क) आजही बदलून देते, 1.95583 मार्कांना एक युरो. म्हणजे दहा एक-फेनिगचे जेमतेम पाच सेंट होतात. पण खोक्यात हात घालायची मजा बँकेत कुठून मिळणार?

डोळ्यांआधी बोटांना कळतं. हलकी, फिकी नाणी हाताला लागली की ती पूर्व जर्मनीची. अ‍ॅल्युमिनियमची, थेट आपल्या जुन्या पाच-दहा पैशांसारखी. एका बाजूला हातोडा आणि कंपास. लोक त्यांना चेष्टेनं 'आलुचिप्स' म्हणत. जर्मनमध्ये 'आलु' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, पण मला मात्र वेफर्सच आठवले. त्यांत एकच पिवळं, 20 फेनिगचं, पितळी. सार्वजनिक फोनमध्ये तेच लागायचं. 1 जुलै 1990 ला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला, तरी ही अ‍ॅल्युमिनियमची चिल्लर तिथे आणखी वर्षभर चालत राहिली.

काळपट, राखाडी जस्ताची नाणी दुसऱ्या महायुद्धातली. आजोबांनी ती वेगळ्या डबीत ठेवली होती आणि स्वस्तिकावर कागदाचे गोल चिकटवले होते. ते चिन्ह मिरवायला जर्मनीत कायद्यानं बंदी आहे. ती डबी मी नुसती पाहिली.

उरली ती पश्चिमेची, आणि माझा जीव त्यांच्यातच. एक फेनिगवर ओकची डहाळी, पाच पानं. दोन फेनिग दिसायला सगळे सारखेच तांबूस, पण खिशातलं चुंबक लावलं की दोन गट पडतात: जुने काशाचे चिकटत नाहीत, साठच्या दशकाअखेरीपासूनचे पोलादी पटकन उडी मारतात. 50 फेनिगवर गुडघा टेकून ओकचं रोप लावणारी बाई आहे. शिल्पकार रिचर्ड मार्टिन वेर्नर यांनी त्यासाठी स्वतःची बायको, गेर्डा, समोर बसवली होती. याच नाण्याची कड 1971 पर्यंत दातेरी, पुढच्या वर्षापासून गुळगुळीत.

सालाला मात्र फार भुलू नये. 1950 चे फेनिग सतराशे साठ निघतात, कारण पुढे कित्येक वर्षं तेच साल छापत राहिले. '1949' दिसलं तर मजकूर वाचावा. तिथे देशाचं नाव नाही, 'बँक डॉयचर लेंडर', म्हणजे 'जर्मन राज्यांची बँक' आहे.

शेवटी भिंगातून बारीकसं अक्षर, नाणं कुठल्या टाकसाळीतलं ते सांगणारं. डी म्हणजे म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हाम्बुर्ग. बर्लिनचं ए. पण ती टाकसाळ पूर्वेच्या ताब्यात होती, त्यामुळे पश्चिमेच्या फेनिगवर ए सापडलं तर ते नाणं 1990 किंवा नंतरचं. तासाभरात चार शहरं जमली, ए काही मिळेना. आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी स्वतः खोकं ढवळलं, एक चकचकीत फेनिग काढून तळहातावर ठेवला आणि अकरावा म्हणून फुकट दिला. 1991, ए.

स्टेशनवर ब्रेत्सेल घेतला. सुट्ट्यात दोन सेंटचं नाणं आलं. त्यावर तीच ओकची डहाळी, बाजूला बारीक जे. मी चुंबक काढलं. चिकटलं.

"मामा," भाची म्हणाली, "ते तरी खर्च कर."