हिरवा सामना

रात्रीचा एक. पाठ टेकली होती, पण डोळा लागेना. म्हणून वही घेऊन बसले.

घडलं एवढंच की आमच्या सिनेमाच्या मंडळात आवडत्या चित्रपटांच्या याद्या चालल्या होत्या, आणि आमच्यातली धाकटी म्हणाली, "मावशी, पण सामना ब्लॅक अँड व्हाइट आहे ना?"

चूक काढायची म्हणून नाही म्हणाली ती. तिने मागच्याच आठवड्यात पाहिलाय, तिला खरंच प्रश्न पडला होता. मी बोलण्याच्या भरात होते. उसाचा हिरवा उजेड निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर कसा पडतो ते सांगत होते. वीस-बावीस वर्षं सांगत आलेय. सर मान हलवत होते, डॉक्टर ऐकत होते. तिच्या प्रश्नावर सगळे एकदम गप्प झाले. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. वहिनींनी चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली, तेच जास्त लागलं.

मी खोटं बोलत नव्हते.

या खेपेला याद्यांना क्रम लावायचं ठरलं होतं. मागे आम्ही नुसती दहा-दहा नावं लिहिली होती. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमा-मासिकाचा कौल १९५२ पासून दर दहा वर्षांनी होतो, त्यातही दहा नावं द्यायची आणि प्रत्येक नावाला एक मत, असं सरांचं म्हणणं. २०२२ साली तिथे शांताल अकरमनचा 'जान दिएलमन' पहिला आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तो पाहिला होता. तीन तास वीस मिनिटं एका बाईचं घरकाम. मला तो फार आवडला, का ते तेव्हाही धड सांगता आलं नव्हतं. तो १९७५ चा. त्याच वर्षी सामना बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे मी तेव्हा मुद्दाम सांगितलं होतं. तारखा पाठ आहेत माझ्या. रंग मात्र…

तर डॉक्टर म्हणाले, आवडीला उतरंड असतेच, ती कबूल करा. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. बेरीज झाली आणि 'किल्ला' वर आला. नऊपैकी सहा याद्यांत होता, पण एकीतही पहिला नव्हता. चौथा, पाचवा, सहावा असा कुठेकुठे बसलेला, गुण ३६. सरांसकट तिघांनी पहिला लावलेला 'संत तुकाराम' तीसवर अडकला. सरांचा चेहरा उतरला. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलतो, तो बदल कुठल्या बेरजेत धरायचा? किल्ला माझ्याही यादीत आहे, पाचवा. कोकणातला तो पाऊस, बदलीच्या गावात आलेला तो मुलगा, त्याची नोकरी करणारी आई. जीव आहे माझा त्याच्यावर. पण जीव असणं वेगळं आणि आपला असणं वेगळं.

मग ठरलं, पहिला क्रमांक का दिला ते ज्याने त्याने सांगायचं. मी तयारीने गेले होते. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, तेंडुलकरांची पटकथा, लागू आणि निळू फुले समोरासमोर. कारखाना, सोसायट्या, सगळा गाव ज्याच्या मुठीत आहे असा माणूस, आणि कुठून तरी आलेला एक दारुडा मास्तर. मारुती कांबळेचं काय झालं, हा त्याचा एकच प्रश्न. आजही कुणाला गप्प बसू द्यायचं नसेल तर आपण तो प्रश्न विचारतो. एवढं बोलले असते तरी पुरलं असतं. पण मी उसावर गेले, आणि हिरव्यावर.

रिक्षात सारखं मनात येत होतं, आपण तो पाहिला तरी आहे का? बाकीचे फिल्म अर्काइव्हजचे खेळ बघत मोठे झालेत, उन्हाळ्यातला फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा वर्ग करून आलेत. मी सगळं उशिरा, मिळेल तसं, कामं आटपून पाहिलेलं. आणि ज्याला आयुष्यभर पहिला म्हणत आले तो एकदाच पाहिलेला, अकराव्या वर्षी. पुन्हा का नाही पाहिला? सीडी निघाल्या, टीव्हीवर लागला, मोबाइलवर आला. दरवेळी म्हणायचे, नंतर निवांत बघू. निवांतपणा नव्हता असं नाही. जाऊ दे.

घरी आल्या आल्या लावला. कृष्णधवलच आहे. पहिल्या चौकटीपासून. आणि नुसता रंगच नाही, सगळंच उलटं. माझ्या मनात माणसं डावीकडून येतात, इथे उजवीकडून. आवाज ओळखीचे, चेहरे ओळखीचे, पण आपल्याच घरात कुणी सामान हलवून ठेवावं तसं. पाच मिनिटांत मी इतकी रडवेली झाले की बंद केला आणि आईला फोन लावला. साडेनऊ झाले होते, म्हटलं जागी असेल.

"कॉलनीत गणपतीत सामना दाखवला होता, आठवतं?"

"आठवतं की. तू कुठे पाहिलास पण? तू झोपली होतीस. अण्णांनी खांद्यावर टाकून आणलं तुला. घोडी झाली होतीस तेव्हा."

"पूर्ण नाही झोपले."

"आपण मागे बसलो होतो. पुढे जागा नव्हती."

पडद्यामागे! इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? दोन बांबूंना बांधलेलं पांढरं कापड, पलीकडे १६ एमएमचं मशीन, पलीकडे साहेबलोकांच्या खुर्च्या आणि बाकीची गर्दी. आम्ही उरलेली मंडळी अलीकडे, गवतावर सतरंज्या टाकून. नावं आली तेव्हा अक्षरं उलटी होती आणि आम्ही पोरं ती वाचायची शर्यत लावत होतो. रीळ बदलताना दिवे लागायचे, पुरुष बिड्या पेटवायचे, आणि उसातून ओला वास यायचा. कारखान्याचं गळीत सुरू व्हायला दीडेक महिना होता, ऊस डोक्याच्या वर गेलेला. मंडपातले सगळे दिवे विझवले होते, पण गणपतीपुढची माळ विझवायची नाही असा दंडक. ती माळ आमच्या बाजूला होती, हिरव्या बल्बांची. कापडाच्या खालच्या कोपऱ्यात तिचा उजेड पडायचा. वारा आला की कापड फुगायचं आणि तो हिरवा वर चढायचा, माणसांच्या गळ्यापर्यंत, कधी हनुवटीपर्यंत.

म्हणजे मी पाहिलाच होता. मी खोटं बोलत नव्हते.

आईला म्हटलं, "अण्णा तेव्हा कारखान्याच्या वजनकाट्यावरच होते ना?"

"हो."

"सिनेमा झाल्यावर ते काही बोलले होते का?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठेव आता, उशीर झालाय. पोळ्या केल्यास का?"

सिनेमा संपल्यावरचं मला आठवतंय, ते मात्र झोपेतलं नाही. अण्णा ओट्यावर बसले होते, चपला न काढता. आईने दोनदा हाक मारली. पुढच्या गळिताला ते काट्यावर नव्हते, आमची दिवाळी मामाकडे झाली आणि माझी शाळा बदलली. एवढंच. यावर आजपर्यंत घरात कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. विचारणारी मी कोण, असं वाटायचं. अण्णा गेल्यावर तर राहूनच गेलं.

दहा वाजता पुन्हा लावला. या वेळी रडू आलं नाही. आरती प्रभूंचं ते खांद्यावरचं गाणं लागलं तेव्हा आवाज थोडा मोठा केला. रवींद्र साठ्यांच्या आवाजात काय आहे कोण जाणे, पायाखाली माती असल्यासारखा आवाज आहे तो.

मग पाणी प्यायला उठले. तांब्या कपाटाशेजारी असतो. परत वळताना कपाटाच्या आरशात टीव्ही दिसला. आणि माणसं आपापल्या जागेवर होती. डावीकडची डावीकडे. लागू जिथे असायला हवेत तिथे, निळू फुले जिथे असायला हवेत तिथे. मी भांडं हातात धरून तशीच उभी राहिले, किती वेळ कुणास ठाऊक, टीव्हीकडे पाठ करून. पाय दुखायला लागले तेव्हा खुर्ची ओढली आणि शेवटपर्यंत तसाच पाहिला. रंग नव्हता. चाललं.

आता विचार करते तर धाकटीचा राग येत नाही. उलट तिने विचारलं नसतं तर ती माळ मला कधीच सापडली नसती. आणि चिवड्याचंही काय, वहिनी वाटी सगळ्यांकडेच सरकवतात. मीच धरून बसले.

धाकटीला मेसेज टाकलाय: हो गं, ब्लॅक अँड व्हाइटच आहे. पुढच्या रविवारी अर्धा तास आधी ये, एक सांगायचंय.

यादीचा कागद समोर आहे. बदल करायचे असतील तर उद्या रात्रीपर्यंत कळवा, असं डॉक्टर म्हणालेत. पहिल्या ओळीला हात लावलेला नाही. 'उंबरठा' दुसऱ्यावरून चौथ्यावर नेला आणि 'जैत रे जैत' वर घेतला. का, ते उद्या लिहीन. डोळे मिटायला लागलेत.