शॅड थेम्स: डोक्यावरचे पूल

लंडनमध्ये टॉवर ब्रिज ओलांडून थेम्सच्या दक्षिण काठावर उतरले की शॅड थेम्स नावाची अरुंद गल्ली लागते. दोन्ही बाजूंना विटांच्या उंच वखारी आहेत आणि डोक्यावर एका वखारीतून समोरच्या वखारीत जाणारे लोखंडी पूल आहेत, काही सरळ, काही तिरके. पहिल्यांदा तेथे गेले तेव्हा मी बराच वेळ मान वर करून ते पूलच पाहत राहिले. नदीकडच्या वखारीत उतरवलेली पिंपे आणि गोणी हमाल याच पुलांवरून मागच्या वखारींत नेत असत.

येथील सर्वांत मोठी वखार, बटलर्स व्हार्फ, 1871 ते 1873 या काळात उभी राहिली. चहा, कॉफी, साखर, धान्य आणि मसाले येथे इतके साठत, की या भागाला लंडनचे कोठीघर म्हटले जाई. पुढे कंटेनर आले. त्यांची अवाढव्य जहाजे शहरातल्या जुन्या धक्क्यांपर्यंत येऊ शकत नसल्याने व्यापार नदीच्या मुखाकडे टिलबरीला सरकला आणि 1972 मध्ये बटलर्स व्हार्फ बंद झाले. त्यानंतर काही वर्षे रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार काम करीत होते.

1980च्या दशकात डिझायनर टेरेन्स कॉनरन यांच्या पुढाकाराने वखारींची घरे, कचेऱ्या आणि उपाहारगृहे झाली. केळ्यांच्या एका जुन्या गोदामात 1989 मध्ये डिझाइन म्युझियम सुरू झाले. 2016 मध्ये ते केन्सिंग्टनला गेले. वखारी न पाडता वापरात आणल्या, हे मला मनापासून योग्य वाटते. मात्र ज्यांच्या खांद्यांवरून हा माल गेला, त्या गोदी कामगारांच्या कुटुंबांना परवडतील अशी ही घरे नव्हती, आणि या पुनर्विकासातली ती उणीव मला फार मोठी वाटते.

इमारतींची नावे मात्र दालचिनी, वेलदोडा, लवंग अशी आहेत. सुरुवातीच्या रहिवाशांना भिंतींतून मसाल्यांचा वास येत असे, असे सांगतात. वेलदोड्यांचा डबा रिकामा करून धुतला तरी झाकण उघडताच वास येतोच, त्यामुळे मला ते सहज पटते. ज्या पुलांवरून गोणी जात, त्यांतल्या काहींवर आता घरांच्या बाल्कन्या झाल्या आहेत, आणि परवा त्यांतल्या एकीवर कुंड्यांना पाणी घालणारी एक बाई मला दिसली.