हंपीचे धोंडे आणि आईचा पाटा

सोलापूर सोडलं, विजयपूरला जेवलो, तोवर माती आपलीच होती, काळी. होस्पेट जवळ आलं तशी आईने गाडीची काच खाली केली. "हे धोंडे इथे कुणी आणून टाकलेत?"

घराएवढे गुलाबी-करडे धोंडे, एकावर एक, आत्ता घरंगळतील असे. कुणी आणलेले नाहीत. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल शिलारस सावकाश निवला आणि त्याचा ग्रॅनाइट झाला, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी. वरचं सगळं झिजून गेलं, भेगांतून पाणी शिरलं, कडा-कोपरे आधी कुजले आणि मधले गोटे जागच्या जागी उरले. हे मी फार ऐटीत सांगितलं. आई म्हणाली, "पडणार नाहीत ना, एवढं सांग."

माझे पाय सह्याद्रीवर घडलेले. आपला बेसाल्ट म्हणजे भेगांतून वर आलेला लाव्हा, उघड्यावर पटकन थिजलेला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. वय ६.६ कोटी वर्षं, हंपीपुढे शेंबडं पोर. पावसाळ्यात आपला कातळ शेवाळाने पाडतो. मातंग टेकडीवरचा ग्रॅनाइट बुटाला छान धरतो, पण हात टेकलात तर सोलून काढतो. सूर्योदयाच्या गर्दीत एका सेल्फी स्टिकला चुकवताना मी बसले ती घसरतच. तळहात किसणीवर घासल्यासारखा झाला. मग तिथेच बसून दगड नीट पाहिला: काचेसारखी गारगोटी, गुलाबी फेल्डस्पार, काळं अभ्रक, सगळं सुटं सुटं दिसत होतं. सूर्य कधी उगवला कळलं नाही.

पुढचे दोन दिवस देवळं. विठ्ठल मंदिराच्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे आई बराच वेळ हात जोडून उभी होती. भानुदास महाराजांनी विठोबा इथूनच पंढरीला परत नेला, ही कथा तिने मला लहानपणीच सांगितली होती, तीच पुन्हा सांगितली.

बाहेर येताना एका खांबावरून बोट फिरवत ती म्हणाली, "याचा पाटा व्हायचा नाही. रवाळ आहे, वाटणात कचकच येईल. आणि आपल्या ओट्याचा ग्रॅनाइट तर काळा कुळकुळीत आहे."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मी सांगितलं, की दुकानात पॉलिश घेणाऱ्या कुठल्याही कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. काळा असला तर तो बहुधा डोलेराइट नाहीतर गॅब्रो, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच भाऊबंद, फक्त जमिनीखाली जरा निवांत निवलेला. संध्याकाळपर्यंत आई दुकानदाराचं बिल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते आठवत होती.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात एक दगडी उखळ रोवलेलं होतं, 'ओरळु'. भोकात बसणारा जाडजूड गुंडा, वापरून वापरून गुळगुळीत. दगड तोच, ग्रॅनाइट. सकाळी मालकीणबाईंनी त्यातच वाटलेली खोबऱ्याची चटणी दोश्याबरोबर वाढली. आईने पहिला घास तोंडात घोळवला, दाताखाली काही येतंय का याची वाट पाहिली. दुसरा घेतला. मग उठून उखळाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"उखळाला छिन्नीने टाकी कुणाकडून लावून घेता, विचार गं त्यांना."

मला कन्नड येत नाही. आईनेच डाव्या मुठीवर उजव्या मुठीने ठकठक करून दाखवलं. बाई हसल्या आणि त्यांनी रस्त्यापलीकडच्या घराकडे बोट केलं.