तुम्ही विचारलंत म्हणून: एका अभ्यासाला इतके देश कशाला?

“एकाच आजाराच्या अभ्यासाला नऊ-नऊ देश कशाला लागतात हो? ज्याने त्याने आपापल्या घरी करावा की!” एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांवरच्या बहुदेशीय अभ्यासांची माहिती एकत्र करणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीचा आहे. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा विमानप्रवास आणि परिषदा असतात. त्याही असतात, नाही कशाला म्हणू?

पण खरं कारण आकड्यांत आहे. एचपीटीएन या एचआयव्ही-प्रतिबंधावरच्या संशोधन-जाळ्याचा ०५२ क्रमांकाचा अभ्यास घ्या. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही. पहिल्याला औषधं लवकर सुरू केली तर दुसऱ्याचा संसर्ग टळतो का, एवढंच बघायचं होतं. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती, पुण्या-चेन्नईचीही. २०११ साली निकाल हाती आला तेव्हा संसर्ग जोडीदाराकडूनच झाल्याचं विषाणूच्या जनुकीय तपासणीतून ठरलेल्या घटना होत्या २८. त्यांतली लवकर औषधं मिळालेल्या गटातली फक्त एक. ‘धोका ९६ टक्क्यांनी कमी’ हे वाक्य या हिशेबातून आलं. आता ह्या २८ घटना नऊ देशांत वाटून बघा. एकेकाच्या वाट्याला येतात तीन-चार, आणि तेवढ्यावर कुठलंही सरकार धोरण बदलणार नाही.

तरी माणसं गोळा करणं हा सोपा भाग. जिकिरीचं असतं ते मोजमाप जुळवणं.

तारखाच बघा. थायलंडमध्ये बुद्धवर्ष चालतं, इसवी सनात ५४३ मिळवायचे. तिथल्या केसपेपरवर जन्मसाल २५१५ असतं, म्हणजे आपलं १९७२. कुणीतरी ते तसंच उतरवतं, औषधं सुरू केल्याचं साल मात्र इसवी सनात, २००४, असं लिहितं. झालं, उपचार जन्माच्या पाचशे अकरा वर्षं आधी सुरू! अशी चूक परवडली, ती लगेच डोळ्यांत भरते. खरी पंचाईत न दिसणाऱ्या चुकीची. एका प्रयोगशाळेचं यंत्र रक्ताच्या मिलिलिटरमागे ४०० प्रतींच्या खालचा विषाणू पकडत नाही, दुसरीचं ५० पर्यंत उतरतं. दोघीही ‘आढळला नाही’ असंच लिहितात. ३०० प्रती असलेला रुग्ण पहिलीकडे निर्धास्त, दुसरीकडे काळजीचा. दोन्ही नोंदी एकाच रकान्यात टाकल्या की जुन्या यंत्राचा दवाखाना उपचारात सरस ठरतो. ‘ट्रीट एशिया’ या दवाखान्यांच्या जाळ्याचा आशियातला एचआयव्ही रुग्णनोंदींचा साठा २००३पासून भरत आला आहे. असा साठा वापरताना व्याख्या आधी जुळवाव्या लागतात. रुग्ण ‘फॉलोअपमधून सुटला’, म्हणजे तपासणीला येईनासा झाला, असं किती महिन्यांनी म्हणायचं, यावर बैठकाच्या बैठका जातात. कंटाळवाण्या असतात, पण मी त्या चुकवत नाही.

परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या, बाबतीत तर एकट्याने काम करणं मला धोक्याचंच वाटतं. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी एकेक औषधं या जिवाणूने पचवली. उरलेल्या सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देणारा एक प्रकार २००९मध्ये क्योटोत सापडला. २०१५मध्ये जपानमध्येच सापडलेला दुसरा प्रकार पुढे डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलियात निघाला. जिवाणू शरीराबाहेर मोठा नाजूक. चॉकलेट अगार (जिवाणू वाढवायचं खास खाद्य) आणि कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू, हाती लागत नाही. नेहमीची पीसीआर तपासणी जिवाणू आहे एवढं सांगते, तो कशाने मरेल ते सांगत नाही. कल्चर न करणाऱ्या देशाला आपल्याकडे प्रतिकार वाढतोय हे कळणार कसं? शेजाऱ्याने कळवलं तरच. तेही दोघांनी आपली चाचणी एकाच संदर्भ-जिवाणूंवर, म्हणजे गुणधर्म आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर, पारखून घेतली असेल तर. झोलिफ्लोडासिन या नव्या औषधाच्या चाचणीतही ९३० जण पाच देशांतून घ्यावे लागले.

आता दुखरी बाजू. प्रश्न कुठला विचारायचा हे बहुतेक वेळा पैसा असतो तिथेच ठरतं. रक्ताचे नमुने एका दिशेने जातात, निबंधावर पहिलं नाव दुसऱ्या दिशेचं. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशी भागीदारांना उप-अनुदान (मुख्य अनुदानातला वाटा) देण्याची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा या रचनेचं ओझं किती थोड्या खांद्यांवर आहे ते उघड झालं. शेजारच्या देशांनी थोडे थोडे का होईना, स्वतःचे पैसे घालायला हवेत, असं मी बैठकीत म्हणते. माना डोलतात.

आणि हो, ‘आपापल्या घरी करावा’ हेही काही प्रश्नांना लागू आहेच. एखाद्या दवाखान्यात बायका सिफिलिसच्या तपासणीपर्यंत येतात आणि रिपोर्ट न्यायला फिरकत नाहीत, हे का होतं? तपासणीच्या वेळा, रांगेत ओळखीचं कुणी भेटण्याची भीती, काउन्सेलरची बोलण्याची तऱ्हा, असं काहीही असू शकतं. नऊ देशांची सरासरी काढून ते सापडायचं नाही. तिथे माझ्याकडे येऊ नका, त्या बायकांशी बोला.