घरातलं पोर्ट्रेट: आधी दिवे बंद करा

हॉलची खिडकी उघडी, वर ट्यूब चालू, कोपऱ्यात पिवळा दिवा आणि मधे सोफ्यावर माणूस. असा फोटो काढला की एक गाल निळसर येतो, दुसरा पिवळट, आणि कपाळावर ट्यूबची चमक बसते. पुढे कॉम्प्युटरवर कितीही झटापट केली तरी हे धड निस्तरत नाही, कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची दुरुस्ती, सगळ्या फोटोला एकच लागतो. पिवळ्या दिव्याचं रंगतापमान (उजेड किती पिवळा किंवा निळसर याचं माप; आकडा मोठा तितका निळसर) साधारण २७०० ते ३००० केल्विन, पांढऱ्या घरगुती एलईडीचं बहुधा ६५०० केल्विन. दुसरा आकडा दिवसाच्या उजेडाच्या जवळचा वाटतो, पण स्वस्त एलईडीत हिरवट झाक असते आणि ती त्वचेवर लगेच दिसते. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधी घरातले सगळे दिवे बंद करावेत. एकाच खिडकीच्या उजेडात चेहरा वाचता येऊ लागला की बाकीचं फार सोपं होतं.

खुर्ची खिडकीपासून तीनेक फूट ठेवा, पण खिडकीच्या अगदी मध्यासमोर नको. माणूस खिडकीच्या मागच्या, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांबच्या, कडेशी बसला की उजेड पुढून, तिरका, साधारण ४५ अंशांत चेहऱ्यावर येतो. मग डोळे बघा. बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब दहा किंवा दोन वाजताच्या काट्याच्या जागी दिसायला हवं. लांबच्या डोळ्यात ते दिसत नसेल तर चेहरा खिडकीकडे जरा वळवायला सांगा. खिडकी जमिनीपर्यंत असेल, तर बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंतचा खालचा भाग चादरीने झाका. नाहीतर उजेड हनुवटीखालून वर चढतो आणि ओळखीचा चेहराही परका दिसतो.

मऊ उजेड हवा तर खिडकीजवळ जा, कारण जवळून ती मोठी दिसते आणि मोठ्या स्रोताच्या सावलीची कड विरघळलेली असते. लांब गेलं की तीच खिडकी लहान दिसते आणि सावली टोकदार होते. थेट ऊन येत असेल तर पांढरी सुती चादर ताणून लावा. उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही, हे पुस्तकातलं वाक्य महाराष्ट्रात पूर्ण लागू पडत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं.

सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा कार्डबोर्ड दोनेक फुटांवर धरला की ती बाजू उजळते, हे बहुतेकांना माहीत असतं. आपल्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत मात्र अडचण नेमकी उलटी असते. पांढऱ्या भिंती, पांढरं छत, गुळगुळीत फरशी, सगळीकडून उजेड उसळतो आणि चेहरा सपाट येतो. तिथे काळं कापड लागतं. सावलीच्या गालापासून दीड-दोन फुटांवर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळी शाल दोरीवर टाका. गालाच्या हाडाखाली आणि जबड्याच्या रेषेवर सावली लगेच उतरते. दोन्ही गालांत एका स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सौम्य दिसतो, दोन स्टॉपचा ठसठशीत. तिनाच्या पुढे गेलात तर गडद केसांतला तपशील जायला लागतो. मला विचाराल तर रिफ्लेक्टरच्या आधी काळ्या कापडावर पैसे घालावेत.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. ढगाळ दिवशी खिडकीपासून तीन फुटांवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, अॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद इथून सुरुवात करा आणि मॅन्युअल मोडमध्येच राहा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. मागे पांढरी भिंत आली की तो फोटो अंधारा करतो, काळा पडदा आला की चेहरा उडवतो. माणूस तोच, उजेड तोच, फक्त शर्ट बदलला तरी ऑटोमध्ये चेहऱ्याचा उजळपणा बदलतो. यावर हाताच्या तळव्याचा उपाय चांगला चालतो. चेहऱ्याच्या जागी तळवा त्याच उजेडात धरायला सांगा, स्पॉट मीटरने (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा मीटर मोड) तो मोजा आणि काटा +१ वर येईल असं एक्स्पोजर लावा. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या तळव्यांत चेहऱ्याइतका फरक नसतो, त्यामुळे सावळा चेहरा सावळाच राहतो, उगाच उजळून राखाडी होत नाही. एखाद्याचा रंग आहे तसा येऊ देणं हे पोर्ट्रेट काढणाऱ्याचं पहिलं काम आहे. ढग हलले की तळवा पुन्हा मोजा.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, बघताना फक्त उजळपणाचा आलेख बघू नका, तिन्ही रंगांचे वेगवेगळे लावा. त्वचेत, आणि त्यातही पिवळ्या उजेडात, लाल रंग सर्वांत आधी कापला जातो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन त्यातला तपशील जातो. उजळपणाचा आलेख ठीक दिसत असतो आणि कपाळ, नाक मात्र हळद लावल्यासारखं पिवळं पडतं. असं झालं तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली आणा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तर सावली नंतर उचलता येते, कापलेला लाल परत आणणं अवघड.

अ‍ॅपर्चरबद्दल थोडक्यात. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, अंतर दीड मीटर, एफ/१.८: स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. चेहरा तिरका असेल तर एक डोळा सुटतो. एफ/४ ला ती चौदा सेंटिमीटरच्या आसपास जाते. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

रात्री दिव्यांवरच काम भागवायचं असेल तर एकाच जातीचे दिवे चालू ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/२५० वर फोटोत आडवे पट्टे येतात किंवा ओळीने काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक मंद असा खेळ होतो. सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरमध्ये हे पट्टे आणखी ठळक दिसतात.

फ्लॅश लावला की हिशोब बदलतो. शटर स्पीड फक्त खोलीतला उजेड कमी-जास्त करतो, फ्लॅशच्या उजेडावर अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि त्याची पॉवर चालते. रात्रीच्या खोलीत आयएसओ ४००, एफ/४, १/१६० लावून आधी फ्लॅशशिवाय एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. मग फ्लॅश १/४ पॉवरवर सुरू करून दुप्पट-निम्मं करत जा. शटर १/२०० किंवा १/२५० च्या, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर स्पीड), पुढे गेलं की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. फ्लॅशचं डोकं सरळ छताकडे केलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ते तुमच्या मागच्या वरच्या कोपऱ्याकडे वळवा म्हणजे उजेड पुढून, वरून येतो. भिंत आंबा रंगाची असेल तर चेहराही आंबा रंगाचा येणार, तेव्हा तिथे फ्लॅशला लावायची पांढरी छत्रीच वापरा. छत्रीचं अंतर तिच्या रुंदीएवढं किंवा दीडपट ठेवा. लहान दिव्याचा उजेड अंतर दुप्पट केलं की चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात. छत्री जवळ असताना तो इतका झपाट्याने पडत नाही, तरी दर वेळी हलवल्यावर मोजायलाच हवा.

चष्म्याच्या काचेत छत्री दिसत असेल तर ती फूटभर वर आणि बाजूला न्या. तेवढ्याने भागलं नाही तर चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचलायला सांगा. काचा किंचित खाली झुकतात, प्रतिबिंब गालाकडे उतरतं आणि समोरून काही कळत नाही.