वैशाखातलं दळवटणे

कोयनानगर मागे पडेपर्यंत गाडीच्या काचा खाली करून वारा खाता येत होता. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला पोचलो आणि शर्ट पाठीला चिकटला. मे महिन्यात चिपळूणला काय आहे, असं घरच्यांनी निघताना विचारलंच होतं. पण मला वैशाखच हवा होता. ज्या पत्रापायी आलो, ते वैशाखातलं आहे.

राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं हे पत्र. हलवर्ण म्हणजे आजचं दळवटणे, असं मानतात. गावाबाहेर आंब्याच्या सावलीत बसून मोबाइलवर ते पुन्हा वाचलं. समोर राब भाजून काळी पडलेली शेतं, पलीकडे पेंढ्याच्या उडव्या आणि एका घराच्या पडवीत छपरापर्यंत रचलेली जळणाची फाटी. पावसाळ्याची बेगमी. पत्राचा विषयही तोच.

पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणागोटा बराचसा आधीच संपलेला आहे. महाराज बजावतात की आता हात सैल सोडून घोड्यांना चारलंत, तर ऐन पावसात काही मिळायचं नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या दारात जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, ‘कोण्ही फाटे, कोण्ही भाजी, कोण्ही पाले’. कसाबसा जीव धरून घरात राहिलेला कुणबीही मग गाव सोडील. आणि लोक म्हणतील, मोगल मुलखात आले त्याहूनही अधिक तुम्ही!

हे वाक्य व्याख्यानांतून शंभरदा ऐकलेलं. समोर ती फाटी दिसत असताना मात्र ते वेगळं लागलं. एक मोळी उचलली तर काय बिघडतं, असंच शिपायाला वाटणार. पण ती मोळी म्हणजे त्या घराची आषाढातली चूल असते.

‘रयतेस काडीचा आजार द्यावया गरज नाही’ ही ओळ आपण भिंतींवर रंगवतो. तिच्या पुढचं मात्र कोणी रंगवत नाही. पुढे म्हटलंय की खजिन्यातून तुमच्या वाटण्या, म्हणजे पगार, पदरात घातल्या आहेत, लागेल ते बाजारात जाऊन विकत आणा. माझ्या मते पत्राचा खरा जोर इथे आहे. गनिमी काव्याने लढणाऱ्या फौजेला रसद, बातमी आणि लपायला जागा रयतच देते. तिला जपायचं, तर शिपायाच्या हातात आधी पैसा हवा. उपाशी शिपायाला नुसता उपदेश करून भागत नाही.

मी वाचत होतो तेव्हा आमचा ड्रायव्हर उडवीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने विडी पेटवली. पडवीतून आजी कडाडल्या, “मेल्या, पेंढ्याशी विडी ओढतोस? विझव आधी!” तो ओशाळून विझवायला लागला. मला हसू आवरेना. पत्रातही हीच भीती आहे. चुली पेटवाल, तंबाखू ओढाल, रात्री दिवा राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि साठवलेलं गवत जळून जाईल. तेवढ्या धामधुमीत छत्रपतींना उंदराची आठवण होते, हे मला फार आवडतं.

आजींनी पाणी दिलं, वर कोकम सरबत. त्यांच्या पडवीत बसलो असताना आठवलं ते कोलकात्यातलं घर. मागे एकदा तिथे गेलो असताना मराठी आहे म्हटल्यावर यजमान हसून म्हणाले होते, “म्हणजे बर्गी!” बंगालीत बर्गी म्हणजे लुटीला आलेले मराठे स्वार. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वर्षानुवर्षे चालून गेल्या. चौथाईसाठी गावं जाळली, माणसं मारली. तिथल्या आया अजूनही पोरांना निजवताना बर्गी आले म्हणतात. इथल्या पत्राला सत्तर वर्षंही उलटली नव्हती. पण तिथला कुणबी आपला नव्हता आणि फौजेचं पोट लुटीवर होतं.

त्या दिवशी मी त्या यजमानांना हलवर्णच्या पत्राबद्दल सांगायला गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे पत्र त्यांनी बरोबर आणलं नव्हतं का?”

निघताना आजींना सरबताचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. ड्रायव्हर गाडी थेट डांबरी रस्त्यावर नेऊन उभा होता, उडवीपासून लांब.